वन्सं आणि पिळपंखी

वन्सं, तुमची दौंडची खोली रिकामी करून आज आठवडा झाला. सामान फार नव्हतंच. एक कॉट, चार भांडी, पुस्तकं आणि खिडकीखालच्या टेबलावर त्या इंजेक्शनच्या बारक्या बाटल्या. मी यायची तेव्हा घरमालकीण कामावर असायची, आमची कधी गाठ पडली नव्हती; किल्ली तिच्या हातात दिली तेव्हा तिनं मला नीट निरखलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण लागता?"

"भावजय," मी म्हणाले.

"अय्या, म्हंजी माश्या देणाऱ्या तुम्हीच का! मॅडम सांगायच्या, माझी भावजय कवठ्यावरनं गांधीलमाश्या धरून देती मला. मला वाटायचं, थट्टा करत्यात."

मी नुसती मान हलवली आणि जिना उतरले. खाली टेम्पोपाशी तुमचे भाऊ उभे होते. तुमची उशी त्यांनी काखेत धरली होती. ती टेम्पोत ठेवायची का बरोबर घ्यायची हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी शिरूरपर्यंत ती त्यांच्या मांडीवरच राहिली.

तुम्ही किती चांगल्या शिक्षिका होता, किती मुलींना शिकवलंत, हे दहाव्याला गावात सगळ्यांनी सांगितलं. मी गप्प बसले होते. माझ्याजवळ जे आहे ते लोकांना सांगण्यासारखं नाही. ते तुम्हालाच सांगायचं होतं, आणि तुम्ही असताना सांगायचं होतं.

मी लग्न होऊन कवठे येमाईला आले तेव्हा तुम्ही सासरहून परत येऊन वर्ष झालं होतं. तिकडचं तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. आपल्या घरात तेव्हा तिघंच माणसं. हे रांजणगावला कंपनीत, कधी पहिली पाळी, कधी दुसरी. तुम्ही हायस्कूलवर विज्ञान शिकवायचात, तीही नोकरी पक्की नव्हती. मी शेतात झेंडू आणि कांद्यात. संध्याकाळी आपण दोघी चुलीपाशी बसायचो तेव्हा तुम्ही शाळेतले धडे मला पुन्हा सांगायचात. मला सायन्सला जायचं होतं आणि घरच्यांनी जाऊ दिलं नव्हतं, हे मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग इथं घे की. फी नाही, परीक्षा नाही." एवढं मनापासून त्या घरात माझ्याशी दुसरं कुणी बोललं नव्हतं.

आणि मग ती विहिरीवरची स्टार्टरची पेटी. मोटर चालू करायला मी पेटीचं दार उघडलं आणि ओरडतच मागं पळाले. आत दाराला गांधीलमाश्यांचं पोळं लटकलं होतं. ह्यांनी काठीला चिंधी गुंडाळून डिझेलात भिजवली. तुम्ही शाळेतून येत होता. स्कूटी बांधावरच टाकलीत आणि पेटीसमोर उभ्या राहिलात.

"ताई, बाजूला हो. चावत्याल."

"दोन दिवस दे मला. मग काय करायचं ते कर."

दोन दिवसांचे दोन महिने झाले. तुम्ही रोज जाऊन बघायचात. एके दिवशी काचेच्या बरणीत एक माशी घेऊन आलात, बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला. माझ्या हातात भिंग दिलंत. "तिच्या पोटाकडं बघ. पट्ट्यांच्या मधे."

पिवळ्या पोटावर दोन पट्ट्यांच्या फटीतून काहीतरी तपकिरी, चपटं, बाजरीच्या टरफलाएवढं बाहेर आलं होतं.

"घाण लागलीय," मी म्हणाले.

"डोकं आहे ते. दुसऱ्याच एका किड्याचं. बाकी सगळी ती आत आहे, माशीच्या पोटात."

पुस्तकात त्याचं नाव इंग्रजीत होतं, पिळलेल्या पंखांचा असा काहीतरी अर्थ होता. मराठीत नावच नाही म्हणून तुम्ही पिळपंखी म्हणायला लागलात. पंख फक्त नराला. मादीला पंख नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत.

"मंग ती बाहेर कवा येती?"

"येत नाही."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही. डोकं तेवढं बाहेर काढते. नर उडत येतो, तिच्या वासावर. पिल्लंही तिच्या अंगातूनच बाहेर पडतात, हजारांनी."

"आन् ह्या माशीचं काय व्हतं?"

तुम्ही सांगत सुटला होता. अशी माशी काम करत नाही, पोळं सोडून निघून जाते, कुठंतरी झुडपावर नुसती बसून राहते, तिला अंडी होत नाहीत. एवढं बोललात आणि एकदम थांबलात. भिंग माझ्याकडून घेतलंत, पदरानं पुसलंत. माझा गर्भ दुसऱ्यांदा पडला होता त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. तुम्ही का थांबलात ते मला कळलं आणि तुमच्याबद्दल फार माया वाटली. हे मी आत्ता मुद्दाम लिहितेय. पुढं जे झालं त्याच्या आधी मला तुमच्याबद्दल माया होती, हेही तुम्हाला माहीत असायला हवं.

पुण्यातल्या एका कीटकांच्या अभ्यासकांना तुम्ही पत्र लिहिलंत, बरोबर बाटलीत एक माशी. चार महिन्यांनी उत्तर आलं. ते तुम्ही मला दोनदा वाचून दाखवलंत. असा किडा आपल्या भागात फारसा कुणी नोंदवलेला नाही, कदाचित नवाही असेल, पण मादीवरून काहीच ठरवता येत नाही. नर हवा. आणि नर बाहेर आला की जेमतेम काही तास जगतो. खात नाही, पीत नाही, मादी शोधतो आणि मरतो.

"काही तासांत कसा सापडायचा वो?" मी म्हणाले होते.

"सापडेल. आपल्याला कुठं जायचंय?"

त्या 'आपल्याला'त मीही होते.

त्यानंतर आपल्या स्वयंपाकघराच्या फळीवर बरण्या वाढत गेल्या. तिखट, हळद, मीठ आणि शेजारी गांधीलमाश्या. साखरेच्या पाण्याचे बोळे तुम्ही रोज बदलायचात. गावातल्या बायका हसायच्या. मीही हसायची, त्यांच्यासारखी नाही, पण हसायची.

तिसऱ्या वेळेला माझा पाचवा महिना होता. शिरूरच्या दवाखान्यातून मी रिकामी घरी आले तेव्हा तुम्ही आठ दिवस मला अंथरुणावरून उठू दिलं नाहीत. माझे कपडेसुद्धा तुम्ही धुतलेत. नवव्या दिवशी मी स्वतःहून चुलीपाशी गेले. ह्यांची दुसरी पाळी होती, घरात आपण दोघीच. फळीवरून तिखटाचा डबा काढताना शेजारच्या बरणीला धक्का लागला, जाळी सुटली आणि एक धडधाकट माशी, पोटात काही नसलेली, माझ्या डोळ्याच्या कडेला डसली.

मी किंचाळले. तुम्ही धावत आलात. "बघू, बघू," म्हणत माझी हनुवटी वर केलीत.

आणि मी तुमचा हात झिडकारला.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्हालाही आठवत असणार. तरी लिहिते, कारण आजवर ते फक्त आपल्या दोघींनाच माहीत होतं. मी म्हणाले, "तुम्ही तरी दुसरं काय करताय? त्या किड्यावानीच घुसलाय माझ्या घरात. डोकं तेवढं बाहेर. आन् तुम्ही हाय तवर या घरात मूल टिकायचं न्हाई."

तुम्हीच मला विश्वासानं शिकवलेलं होतं ते. मी ते घेतलं आणि तुमच्यावरच फेकलं.

दूध उतू जात होतं, तुम्ही पातेलं चुलीवरून उतरवलंत. कपाटातून चुना आणलात आणि माझ्या डोळ्याच्या बाजूला लावलात. मी तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही, म्हणून तुमचा चेहरा कसा झाला होता हे मला आजही ठाऊक नाही. मग तुम्ही एकेक बरणी उचलून परसात नेलीत आणि सगळ्या माश्या सोडून दिल्यात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही भावाला सांगितलंत की दौंडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत जागा निघालीय, लगेच हजर व्हायचंय. ती जागा आधीपासून ठाऊक होती, का दोन दिवसांत फोन फिरवून मिळवलीत, कोण जाणे. हे तुम्हाला न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंत गाडीवर सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "ताईला आता आपलं घर लहान पडतंय. कॉलेजातली झाली ती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी भाकरी थापत होते. तेव्हाच बोलले असते तर? मी भाकरी उलटली.

तुम्ही गेलात, तरी आमच्या घरात पाळणा हलला नाही. पुढं कधीच नाही. डॉक्टर बदलले, गाव बदलून बघितलं. दोन वर्षं कारेगावला कंपनीजवळ खोली घेऊन राहिलो. तिथल्या चाळीत सगळ्या भाषांची माणसं, भिंतीपलीकडं कुणाचं तरी बाळ रडायचं आणि मी दार लावून बसायची. मग परत कवठ्याला आलो. हे पाळीवर गेले की घरात मी एकटी. माझं म्हणणं खोटं होतं हे सांगायला कुणाची गरजच उरली नव्हती, रोज ते घरभर पसरलेलं असायचं.

भाऊबीजेला दर वर्षी हे दौंडला यायचे. "ताई, चल घरी आता," म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "कॉलेज असतं रे." परत येऊन हे मला सांगायचे आणि दरवेळी थोडे जास्त दुखावलेले असायचे. मी ऐकून घ्यायची.

मग कारेगावहून परतलो त्या वर्षी, दिवाळीच्या थोडं आधी, विहिरीजवळच्या घाणेरीच्या झुडपावर मला सात-आठ गांधीलमाश्या एकत्र बसलेल्या दिसल्या. उडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. मी जवळ गेले तरी हलल्या नाहीत. खाली वाकून पोटं बघितली. दोघींच्या पोटावर तेच चपटं तपकिरी डोकं. आणि एकीच्या पोटावर वेगळंच काहीतरी, गोल, काळपट, फुगीर, वर टोपी घातल्यासारखं. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण तुम्ही मला कागदावर काढून दाखवलं होतं. नराचा कोष; नरही माशीच्या अंगातच वाढतो.

तुमचा नंबर ह्यांच्या फोनवरून मी केव्हाचा लिहून घेतलेला होता. कधी लावला नव्हता. तिथंच उभी राहून लावला.

"वन्सं, रंजना बोलतीय."

पलीकडं कॉलेजची घंटा वाजत होती.

"माश्या आल्यात. एकीच्या पोटावर टोपी हाय."

मग म्हणालात, "टोपी उघडलीय का बंद आहे?"

"बंद हाय."

"हात लावू नकोस. नाही, थांब. सकाळच्या गारठ्यात धर, तेव्हा सुस्त असतात. तुला डसली तर?"

"डसू द्या."

"येते मी," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून एसटी बदलत तुम्ही आलात. केस पांढरे झाले होते. दारात मी पाय धुवायला पाणी दिलं, तुम्ही तांब्या घेतलात, "बरण्या कुठं आहेत?" विचारलंत. तीन वर्षांनी समोरासमोर पहिलं बोलणं ते. मला तर वाटलं होतं, दारातच तुमच्या पायांवर डोकं ठेवीन. पण तुम्ही बरण्या विचारल्यात, मी बरण्या दाखवल्या, आणि दुसरं काही बोलायची वेळ निघून गेली.

दोन सकाळी आपण पडवीत बसलो. तिसऱ्या सकाळी, ऊन बरणीवर आलं आणि टोपी हलली. तुम्ही माझं मनगट धरलंत. टोपी उचलली गेली, आतून काळं काहीतरी ढकलत, धडपडत बाहेर आलं आणि बाहेर आल्या आल्या उडालंच. तिळाएवढा जीव. डोळे तुतीच्या फळासारखे, दाणेदार. मागचे दोन पंख पंख्यासारखे, दुधी, आणि ते एक क्षणही थांबत नव्हते. बरणीत जशी काही बारकी वीज फिरत होती.

स्पिरिटची बाटली मी आधीच उघडून ठेवली होती. "वन्सं, घ्या ना!"

"थांब."

"थांब काय? एवढी वर्षं ज्याच्यासाठी थांबलात तो हाच ना?"

"म्हणूनच तर. त्याला एवढीशी सकाळ मिळालीय गं. उडू दे जरा."

तो जाळीवर आपटत होता, पुन्हा फिरत होता. मग त्याला ती कळली. दुसऱ्या माशीच्या पोटातून डोकं काढून बसलेली, जिनं जन्मात काही पाहिलं नव्हतं. तो तिच्यापाशी गेला, काही क्षण तिथं राहिला, परत उडाला. तुम्ही भिंग डोळ्यांवरून काढलंच नाहीत. तुमचा गाल ओला होता, आणि तोंडावर हसू होतं. तसं हसताना मी तुम्हाला फार थोड्या वेळा पाहिलं.

उन्हं वर चढली तेव्हा तो बरणीच्या तळाशी पडला होता. मग तुम्ही त्याला स्पिरिटमध्ये ठेवलंत. पुण्याहून उत्तर आलं ते तुम्ही मला फोनवर वाचून दाखवलंत. मिशा तुटलेल्या, एक पंख फाटलेला. जाळीवर आपटून झालं असणार. वेगळा वाटतो, पण खात्रीनं सांगता येत नाही. शक्य झाल्यास दुसरा पाठवावा.

मी तुमच्यावर चिडले. "येळेवर टाकला असता तर आज नाव लागलं असतं त्याला. तुमचंसुद्धा."

"लागेल. दुसरा मिळेल."

"आन् न्हाई मिळाला तर?"

"तरी तो उडाला ना."

हे भांडण आपण आठ वर्षं केलं. दर हंगामात मी झुडपं धुंडाळायची, माश्या धरायची आणि बरणी मांडीवर घेऊन दौंडला यायची. एकदा शेजारच्या आजींनी गाडीत विचारलं, "लोणचं हाय का गं?" मी म्हणाले, "न्हाई, गांधीलमाश्या." शिरूरपासून दौंडपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. तुम्हाला ते सांगितल्यावर तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. पण दर वेळी नुसत्या माद्या, नाहीतर उघडी पडलेली रिकामी टोपी. दुसरा नर आला नाही. मी आले की तुम्ही पिठलं करायचात, मला कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघायला न्यायचात, संध्याकाळच्या गाडीला सोडायला यायचात. मुक्कामाला राहा असं कधी म्हणाला नाहीत. मीही तुम्हाला घरी चला असं कधी म्हणाले नाही. ते म्हणायचं तर आधी दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं.

तुमचं हृदय कमजोर झालंय हे कळल्यावर मी एकटी आले होते, दीड महिन्यापूर्वी. तुम्ही कॉटवर होता, पाय सुजलेले. मी भात लावला, तुमचे पाय चेपले. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "रंजना, त्या नराचं मला अजून वाईट वाटत नाही हं." मी म्हणाले, "मला वाटतं." बाहेर रेल्वेचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत मी थांबले. येतानाच मी ठरवून आले होते.

"वन्सं, एक बोलायचं व्हतं."

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडं बघितलंत, बराच वेळ. मग म्हणालात, "कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या गं? भात लागेल."

मी उठून गेले. गॅस बंद करून परत आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती, का तुम्ही डोळे मिटून पडला होता. मी उशाशी बसून राहिले, मग गाडीची वेळ झाली. तुम्हाला ऐकायचं नव्हतं? का मला ते बोलण्याच्या त्रासातून सोडवायचं होतं? का खरंच नुसत्या शिट्ट्या? तेव्हापासून मी तिन्ही उत्तरं किती वेळा देऊन पाहिली.

पंचवीस दिवसांनी सकाळी घरमालकिणीचा फोन आला.

खोली आवरताना त्या बाटल्या मी एकेक करून पुसल्या. प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात चिठ्ठी. गाव, झाड, तारीख, आणि खाली 'शोधणारी: रंजना'. नंतरच्या बाटल्या ठीक आहे, त्या माश्या मीच दिल्या होत्या. पण सगळ्यात जुनी बाटली, स्टार्टरच्या पेटीतल्या माशीची, तीही तुम्ही जपली होती. तिच्यावरही माझंच नाव. शेजारच्या वहीत लिहिलं होतं, 'पेटी रंजनाने उघडली.' मी तर ओरडून पळाले होते, वन्सं. आणि त्या वहीत मी ज्या दिवशी तुम्हाला तसं बोलले त्या दिवसाची ओळ होती, 'माश्या सोडल्या.' एवढंच. पुढचं पान दौंडचं.

बाटल्या मी तुमच्या कॉलेजच्या मॅडमना देऊन आले. त्या पुण्याला पाठवणार आहेत. कुणी बघेल, कुणी न बघेल.

पण त्या चिठ्ठ्या वाचल्यावर मला गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कांद्याच्या रोपाला पाणी देत होतो. हे वाफ्याला बारं देत होते, फावड्यानं पाणी वळवत होते, आणि बोलता बोलता म्हणाले, "माझं काय चुकलं गं? एवढं बोलवूनसुद्धा आली न्हाई. शेवटी परक्याच्या खोलीत गेली." मी पाण्यात उभी होते. तिथंच सगळं सांगितलं. माशी डसली ते, मी बोलले ते, चुना लावलात ते. एक शब्द मऊ केला नाही.

ह्यांनी ऐकून घेतलं. फावडं बांधावर ठेवलं, जाऊन मोटर बंद केली आणि घरी न जाता नदीच्या बाजूला चालत गेले. पाणी अर्ध्या वाफ्यातच थांबलं. मी तशीच उभी.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवण वाढलं की जेवतात, पाळीला जातात, येतात. आता कळतं मला, तुम्ही एवढी वर्षं तोंड मिटून ठेवलंत म्हणजे मला काय राखून दिलं होतंत. माझं घर, माझा नवरा, त्यांच्या नजरेतली मी. त्याच्या बदल्यात भाऊ तुमच्यावर रुसला, आणि तुम्ही तो रुसवा भाऊबीजेला ओवाळून घेतलात. तुम्ही मिटून ठेवलेलं मी उघडं केलं म्हणून तुम्ही रागवाल का? मला दुसरं काही सुचलं नाही. तुमच्यावरचा तेवढा एक आळ तरी उतरावा असं वाटलं.

आज सकाळी ह्यांची पहिली पाळी होती. कंपनीच्या गाडीला अजून दहा मिनिटं होती. मी चहा पुढं ठेवला. त्यांनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"ती रागावली व्हती का गं?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्यांना धीर येईल असं सांगता आलं असतं. दरवर्षी पिठलं करायच्या, हसायच्या, बाटल्यांवर माझं नाव लिहायच्या, हे सगळं सांगता आलं असतं. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं. ते उत्तराची वाट बघत बसले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तरी उठले नाहीत.

मी म्हणाले, "मला ठाऊक न्हाई."

वन्सं, तुम्ही रागावला होता का?